कापडी विमानांचे ऊनपाऊस

१५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून टपालाच्या थैल्यांसह उड्डाण केले आणि अहमदाबादेत थांबून दुपारी ते मुंबईत जुहूला उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय विमानवाहतुकीच्या इतिहासातील ही तारीख शाळकरी विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. त्या दिवशी उडालेले विमान कशाचे बनलेले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. डी हॅविलँड कंपनीच्या ‘पस मॉथ’चा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि पंख लाकडाचे होते; त्या साऱ्यावर ताणून बसवलेले होते ते कापड.

जुहूचा तळ म्हणजे समुद्रालगतची चिखलाची सपाटी आणि झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी. पावसाळ्यात ती सपाटी पाण्याखाली जाई, म्हणून टपालसेवेला आपला मुक्काम पुण्याला हलवावा लागे. पहिले वर्ष पूर्ण झाल्यावर नागरी विमानवाहतूक संचालकांच्या अहवालाने या सेवेच्या शंभर टक्के वक्तशीरपणाची प्रशंसा केली आणि पावसाळ्यातील पश्चिम घाटाच्या वाटेचा धोकाही नोंदवला. वैमानिकांचे हे कौतुक सर्वस्वी योग्यच होते. पण अशा विमानांचा दुसरा शत्रू घाटातील ढगांमध्ये नसून जमिनीवर होता, आणि विमान उभे असतानाच तो आपले काम करीत असे.

वर्षात ८,७६० तास असतात. एखाद्या छोट्या विमानाने वर्षभरात ५०० तास उड्डाण केले तरी उरलेले ८,२६० तास ते कुठेतरी उभे असते. ते हँगरमध्ये उभे आहे की उघड्या मैदानात, यावर कापडी विमानाचे आयुष्य ठरते. भारतासारख्या देशात, जेथे मे महिन्यातील ऊन आणि जुलैमधील दमट हवा एकाच विमानाच्या वाट्याला येतात, हा प्रश्न विमानविद्येच्या पहिल्या दिवसापासून उभा होता.

तो पहिला दिवसही फार दूरचा नाही. जानेवारी १९११ मध्ये औरंगाबादजवळ दख्खनच्या घोडदळाच्या कवायती झाल्या, तेव्हा ब्रिस्टल कंपनीच्या ‘बॉक्सकाइट’ने तेथे टेहळणीची प्रात्यक्षिके केली. पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारी रोजी, आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादच्या प्रदर्शनातून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सुमारे दहा किलोमीटर टपाल नेले. जगातील पहिले अधिकृत विमानटपाल म्हणून त्याची नोंद आहे. डिसेंबर १९१५ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरची ३१ वी स्क्वाड्रन ‘बी. ई. २ सी’ विमाने घेऊन मुंबईला उतरली आणि पुढे वायव्य सरहद्दीकडे गेली. ही सारी यंत्रे लाकूड, तार आणि कापड यांची होती. ज्या हवामानासाठी त्यांची रचना झाली होती, ते हवामान मात्र इंग्लंड-फ्रान्सचे होते.

कापड पंखावर बसवण्याची कृती वरवर साधी दिसते. तलम विणीचे तागी किंवा सुती कापड सांगाड्यावर ओढून घ्यायचे, मेण लावलेल्या दोऱ्याने ते प्रत्येक रिबला शिवायचे आणि मग त्यावर ‘डोप’ नावाचे रोगण चढवायचे. सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ द्रावकात विरघळवला की डोप तयार होतो. द्रावक उडून जाताना त्याचा पापुद्रा आकसतो, आणि त्याच्याबरोबर खालचे कापडही आकसून तबल्याच्या पुडीसारखे ताठ होते. बोटाने टिचकी मारली तर ते घुमते. जुने कारागीर या आवाजावरूनच कापडाचा ताण ओळखीत. आवाजावरून ताण कळतो हे खरे, पण धाग्यात किती बळ उरले आहे ते कळत नाही. या फरकाने पुढे अनेकांना चकवले.

कापूस आणि ताग हे दोन्ही सेल्युलोजचेच. ग्लुकोजच्या हजारो कड्या एकापुढे एक जोडलेली ही लांबच लांब साखळी. धाग्याचे बळ या साखळीच्या लांबीत असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांच्या ऊर्जेने, प्राणवायू आणि आर्द्रता यांच्या साहाय्याने, ती जागोजागी तुटते. धागा जागचा हलत नाही, त्याची जाडीही बदलत नाही, फक्त त्याचे बळ ओसरते. खिडकीच्या पडद्याची उन्हाकडची कड आधी फाटते, तीही याच कारणाने. विमानावर यात आणखी एक भर पडते: नायट्रेट डोप उन्हाने आणि उष्णतेने स्वतःही विघटित होतो, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात, आणि ओलाव्याशी संयोग होऊन त्यांचे जे आम्ल बनते ते खालच्या कापडालाच खाऊ लागते. रक्षणासाठी चढवलेला थर असा उलटतो.

हे गूढ पहिल्या महायुद्धाच्या काळात फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीतील रसायनज्ञांनी उलगडले. कापड हवेने किंवा निव्वळ पावसाने सडत नसून प्रकाशाच्या अतिनील भागाने कमकुवत होते, हे कळल्यावर उपायही सुचला: प्रकाशच अडवायचा. गेरूच्या जातीची लोहयुक्त माती आणि काजळी मिसळलेले ‘पी. सी. १०’ नावाचे खाकी-हिरवट रोगण ब्रिटिश विमानांवर चढू लागले. या नावातली इंग्रजी अक्षरे ‘संरक्षक आच्छादन’ या शब्दांची आहेत. ज्याला आज आपण युद्धातला छद्मरंग समजतो, त्याचे एक मोठे काम उन्हापासून बचावाचे होते. अधिक कडक उन्हाच्या प्रदेशांसाठी ‘पी. सी. १२’ हे तांबूस-तपकिरी रोगण आले. युद्धानंतर या रंगांची जागा अॅल्युमिनियमच्या चकत्या मिसळलेल्या रुपेरी डोपने घेतली. या सूक्ष्म, चपट्या चकत्या रोगण वाळताना एकमेकींवर छपरावरच्या कौलांसारख्या बसतात आणि किरणांना आत शिरू देत नाहीत. दोन महायुद्धांमधल्या काळातील ब्रिटिश हवाई दलाची विमाने जुन्या छायाचित्रांत चांदीसारखी चमकतात, ती या थरामुळे. वरचा निळा-पिवळा रंग ही शोभा. कापडाचे आयुष्य सांभाळतो तो त्याखालचा, सहसा न दिसणारा रुपेरी थर.

ऊन असे अडवता आले. पाणी अडवणे त्याहून अवघड होते. कापडी विमान पूर्णपणे बंद करता येत नाही; दिवसाच्या उष्णतेने आतली हवा फुगते, रात्री आकसते आणि बाहेरचा दमटपणा आत खेचते. म्हणून पंखांच्या मागच्या कडेला आणि धडाच्या तळाशी निचऱ्याची बारीक भोके ठेवतात. मैदानात उभ्या असलेल्या विमानाची ही भोके धुळीने बुजली की आत डबके साचते. शेपटाखाली छोटे चाक असलेल्या जुन्या विमानांत धड मागे उतरते असते, त्यामुळे सारे पाणी शेपटाच्या टोकाशी जमते आणि तेथील पोलादी नळी आतून-बाहेरून गंजू लागते. नळ्यांच्या आतल्या बाजूला गंज चढू नये म्हणून सांधे बंद करण्यापूर्वी त्यांत गरम जवसाचे तेल फिरवण्याची पद्धत होती. प्रयोगशाळेतून निघालेल्या कोणत्याही रसायनापेक्षा हा घरगुती वाटणारा उपाय अधिक काळ टिकला.

लहान प्राण्यांचाही उपद्रव असतो. कुंभारीण माशी चिखलाचे घरटे बांधायला एखादी अरुंद नळी शोधते, आणि विमानाचा वेग मोजणारी पिटो नळी तिला अगदी पसंत पडते. ती नळी बुजली तर धावपट्टीवर वेग वाढत असताना काटा जागचा हलत नाही किंवा खोटे आकडे दाखवतो. नळीवर लाल फीत लावलेली पिशवी चढवण्याचा शिरस्ता त्यासाठीच आहे. उंदरांना पंखातील कोरडी, उबदार पोकळी आवडते. त्यांचे मूत्र धातूला आणि कापडाला दोन्हींना घातक असते.

मग वारा. एका माणसाला शेपूट धरून फिरवता येईल इतके हलके विमान, त्याचे रिकामे वजन सुमारे ४०० किलो. आणि पंख मात्र साऱ्या ताकदीनिशी वर उचलण्यासाठीच घडवलेले. अशा विमानांचा किमान उड्डाणवेग ताशी ६० ते ६५ किलोमीटरच्या घरात असतो. शेपूट टेकवून उभ्या असलेल्या विमानाचे नाक आधीच वर असते. समोरून त्याच वेगाचा वारा आला तर पंखाला विमान उभे आहे की उडत आहे, हे कळण्याचे कारण नाही. उचल वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग दीडपट झाला की उचल सव्वादोनपट होते. बंगालमधील कालबैसाखी, उत्तरेतील आँधी, महाराष्ट्रातील वळीव किंवा पूर्व किनाऱ्यावरील चक्रीवादळ यांपैकी कोणालाही हा वेग गाठणे कठीण नाही.

म्हणून विमान दोरांनी जमिनीत रोवलेल्या खुंट्यांना बांधतात. त्यातही दोराच्या जातीचा विचार करावा लागतो. मनिला हेम्पचा वाखाचा दोर भिजला की आखडतो. कोरडा असताना तो ताठ बांधला तर पहिल्याच पावसात पंखाला खाली ओढून सांगाड्यावर अकारण ताण आणतो. त्यामुळे त्याला सुमारे इंचभर ढील ठेवावी, असे जुन्या देखभाल-पुस्तिका सांगतात. नायलॉनला ती गरज नाही. सुकाणू आणि पंखांची हलती फळकुटे वाऱ्याने आपटू नयेत म्हणून त्यांना खिळा घालतात, आणि वादळाची चाहूल असेल तर पंखाच्या वरच्या बाजूला लाकडी पट्टी बांधून वाऱ्याचा सुरळीत प्रवाह मुद्दाम मोडतात. उचल मिळवण्यासाठी झालेली सारी विद्या येथे उचल नाहीशी करण्यासाठी वापरावी लागते.

हे प्रश्न किती गंभीर होऊ शकतात याचा धडा १९४४ च्या अखेरीस भारताच्या पूर्व सीमेवर मिळाला. तेथे उभे असलेले विमान छोटे नव्हते; दोन इंजिनांचे, अतिवेगवान ‘मॉस्किटो’ होते. पण त्याचे अंग प्लायवूडचे, आणि प्लायवूडवर ताणून बसवलेले कापड ‘मदापोलम’ नावाचे. हे नाव आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ, नरसापूरच्या शेजारी असलेल्या एका गावाचे आहे. तेथे ईस्ट इंडिया कंपनीची कापडाची वखार होती. तेथून विलायतेला जाणाऱ्या तलम सुती कापडाला गावाचे नाव चिकटले आणि ते कापड पुढे इंग्लंडमधील गिरण्यांत विणले जाऊ लागल्यावरही सुटले नाही. दोन शतकांनंतर ते नाव विमानाच्या पाठीवर बसून आपल्या देशी परतले.

परतल्यावर जे घडले ते दुःखद होते. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४४ मध्ये भारतात तैनात असलेली काही मॉस्किटो विमाने हवेतच मोडून पडली आणि त्यांतील वैमानिक मृत्युमुखी पडले. विमाने मोकळ्या धावपट्ट्यांवर, ऊन आणि पावसाळी दमटपणा यांत दिवसेंदिवस उभी असत. संशय प्रथम सरसावर गेला. मॉस्किटोच्या आरंभीच्या बांधणीत केसीनचा सरस वापरला जाई. केसीन म्हणजे दुधातील प्रथिन. चुन्यासारख्या अल्कलीच्या संयोगाने ते लाकूड घट्ट धरते, पण ओलसर उष्ण हवेत बुरशी आणि जीवाणू त्यावर ताव मारतात. हेरवर्ड डी हॅविलँड यांच्या नेतृत्वाखालील तपासणी-पथक भारतात आले. डिसेंबरच्या प्रारंभी त्यांनी दिलेला निष्कर्ष असा होता की दोष सरसाचा नसून पावसाळी हवेत सांगाड्याचे लाकूड आकसल्याचा आहे. लगोलग दुसऱ्या चौकश्या झाल्या, आणि त्यांनी मूळ कारखान्यांतील जोडकामाकडेच बोट दाखवले: पंखाचे भाग नीट जुळत नव्हते आणि सरस लावण्याचे काम समाधानकारक नव्हते.

या दोन निष्कर्षांकडे नीट पाहिले तर ते एकमेकांना छेद देतातच असे नाही. लाकूड ओलाव्याने फुगते आणि उन्हाने आकसते. ही हालचाल तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक व लांबीच्या दिशेने अगदी कमी असते. नीट बसलेला, भक्कम चिकटलेला सांधा ही ओढाताण सोसू शकतो. ज्या सांध्यात आधीच फट आहे तो इंग्लंडच्या थंड हवेत कदाचित वर्षानुवर्षे टिकला असता. आसामच्या उन्हापावसाने त्याची परीक्षा काही महिन्यांत घेतली. हवामानावर सारा दोष टाकणे कारखान्याला सोयीचे होते, हेही विसरता येत नाही. उपाय मात्र दोन्ही बाजूंनी झाले. पंखावरील सांध्यात पाणी शिरू नये म्हणून त्यावर प्लायवूडची पट्टी बसवण्यात आली. केसीनच्या जागी, केंब्रिजच्या नॉर्मन डी ब्रॉइन यांनी युद्धापूर्वी विकसित केलेल्या युरिया-फॉर्माल्डिहाइड जातीच्या कृत्रिम सरसाचा वापर आधीच सुरू झाला होता. बुरशीला त्यात खाण्याजोगे काही नव्हते. आणि आग्नेय आशियातील मॉस्किटोंना गडद रंगांऐवजी संपूर्ण रुपेरी लेप मिळाला. शत्रूच्या नजरेपासून लपण्यापेक्षा सूर्यापासून वाचणे अधिक महत्त्वाचे ठरले.

स्वातंत्र्यानंतर फ्लाइंग क्लबांतून नवे वैमानिक घडवण्याची निकड निर्माण झाली, तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने ‘पुष्पक’ बनवले. त्याचे शिल्पकार डॉ. विष्णू माधव घाटगे मूळचे कोल्हापूरकडचे. गॉटिंगेनमध्ये लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले होते. त्यांच्याच नेतृत्वाखाली १९५१ मध्ये उडालेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण-विमान पूर्णतः धातूचे होते. २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडालेले पुष्पक मात्र पुन्हा कापडाकडे वळले: दोन आसने, ९० अश्वशक्तीचे इंजिन, पंखांना खालून तिरका आधार आणि वर कापडी आच्छादन. प्रांट्लच्या शिष्याने असे का करावे, याचे उत्तर फ्लाइंग क्लबाच्या हिशेबाच्या वहीत होते. असे विमान स्वस्त पडते, हलके असते. शिकाऊ वैमानिकाने ते आपटले तर नळी पुन्हा जोडता येते आणि कापडाला ठिगळ लावता येते. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पोचा आला तर त्यासाठी वेगळी साधने आणि वेगळे कसब लागते. दीडशेहून अधिक पुष्पक तयार झाली आणि देशभरच्या क्लबांत पोहोचली. भारतीय वैमानिकांच्या एका अख्ख्या पिढीने पहिले एकट्याचे उड्डाण त्यांतून केले.

या निवडीची किंमत जमिनीवर मोजावी लागणार होती. हँगर बांधायला पैसा लागतो, आणि एक छत नसले तर काही वर्षांतच विमानाचे कापड बदलण्याचा खर्च उभा राहतो. सुती कापडासाठीचा जुना अमेरिकी दंडक असा: नव्या ‘ए’ प्रतीच्या कापडाने इंचभर रुंदीला ८० पौंडांचा ताण सोसला पाहिजे, ते ५६ पौंडांखाली उतरले की बाद. कमी वेगाच्या हलक्या विमानांसाठी ६५ पौंडांचे कापड चाले आणि त्याची शेवटची मर्यादा ४६ पौंड होती. ही तपासणी स्प्रिंग असलेल्या टोकदार उपकरणाने करतात. ते कापडावर दाबायचे. काही उपकरणांवर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे असतात. जाणकार तंत्रज्ञ ते नेहमी पंखाच्या वरच्या बाजूला, आणि त्यातही सर्वांत गडद रंग असलेल्या जागी लावतो, कारण ऊन तेथे सर्वाधिक मुरलेले असते. पंखाची खालची बाजू वर्षानुवर्षे हिरवाच पट्टा दाखवत राहील.

सुती कापडाच्या अल्प आयुष्याचा एक फायदाही होता. कापड उतरवले की सांगाडा उघडा पडे. गंजलेली नळी, सैल खिळा, तडकलेली रिब, उंदराचे जुने घरटे, सारे दिसे. १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेतील रे स्टिट्स आणि इतरांनी पॉलिएस्टरचे आच्छादन रूढ केले. हे कापड डोपने ताणावे लागत नाही. सुमारे १७५ अंश सेल्सिअसची इस्त्री फिरवली की ते आपोआप आकसते. बुरशी त्याला खात नाही आणि ते सुतापेक्षा कितीतरी अधिक टिकते. त्यामुळे सांगाडा मात्र दशकानुदशके कोणाच्या दृष्टीस पडत नाही, आणि गंज आपल्या गतीने वाढत राहतो. पॉलिएस्टर अमर आहे हा समजही खरा नाही. रुपेरी थराविना उन्हात ठेवले तर तेही सुताच्याच मार्गाने जाते.

बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने घडवलेले आणि १९९३ मध्ये प्रथम उडालेले ‘हंसा’, तसेच २०२१ मध्ये उडालेली त्याची नवी आवृत्ती, काचतंतूंसारख्या संमिश्र पदार्थांची आहे. तेथे कापड नाही असे म्हणता येत नाही. काचेचे कापडच राळेत बुडवून कठीण केलेले असते. राळेलाही अतिनील किरणे बाधतात, आणि ठरावीक तापमानापलीकडे ती मऊ पडू लागते. अशा जातीची विमाने जगभर बहुतांशी पांढऱ्या रंगात दिसतात, त्याचे कारण हेच.

कापडी विमाने आजही उडतात, जुनी सांभाळलेली आणि छंदाने नव्याने बांधलेली. त्यांची देखभाल करणारे एक तपासणी कटाक्षाने करतात. संध्याकाळी अंधार पडल्यावर पंखाच्या आत तपासणीच्या झडपेतून विजेचा दिवा सोडायचा आणि बाहेरून पंख पाहायचा. रुपेरी थर पुरेसा असेल तर पंख काळाच राहतो. जेथे तो पातळ राहिला आहे किंवा झिजला आहे तेथे कापडाची वीण उजळून दिसते, आणि दुसऱ्या दिवशी तेथे खडूची खूण करून कामाला सुरुवात होते.